सूत्रातील रिकामी जागा : प्राचल-संकल्पनेचा इतिहास

संगणकासाठी आज्ञावली लिहिण्यास नव्याने आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास जी पहिली खरी अडचण भासते ती गणिताची नसते. ती नावांची असते. फंक्शनच्या व्याख्येत एक नाव येते, ते फंक्शन वापरावयाच्या ठिकाणी दुसरेच नाव अथवा एखादा आकडा येतो, आणि ही दोन्ही एकच आहेत की निराळी, हे त्यास उमगत नाही. वस्तुकेंद्री पद्धतीत तर व्याख्येत लिहिलेल्या नावांपैकी एक नाव वापरताना कोठे दिसतच नाही. हा गोंधळ विद्यार्थ्याच्या बुद्धीचा दोष मानणे अन्यायाचे होईल. प्राचल, म्हणजे ज्यास आज सर्वत्र पॅरामीटर म्हणतात, त्या संकल्पनेत परस्परांहून भिन्न असे काही प्रश्न गुंतलेले आहेत. इतिहासात ते एकामागून एक उपस्थित झाले आणि प्रत्येकाच्या उलगड्यास बराच काळ लागला. पाठ्यपुस्तकात मात्र ते सारे एकाच पानावर येऊन बसतात. प्रस्तुत लेखात ते पुन्हा कालक्रमाने सुटे करून पाहण्याचा प्रयत्न आहे.

आरंभ भास्कराचार्यांपासून करणे सोयीचे आहे, आणि बीड जिल्ह्यातील वाचकास त्यात थोडे आपलेपणही वाटेल. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायाच्या शेवटी त्याने आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असल्याचे सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे आजचे बीड होय असे काही अभ्यासकांनी मानले. इतर अनेकांनी ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधले. पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याची हकीकत त्यात आहे. आमच्या मते त्या लेखाने ग्रंथ कोठे शिकविले जात हे सिद्ध होते, ग्रंथकार कोठे जन्मला हे नव्हे. बीडच्या बाजूने बोलणाऱ्यांस बालाघाटची रांग सह्याद्रीचाच फाटा आहे एवढा आधार आहे. वाद मिटलेला नाही आणि आपल्या विषयास तो मिटण्याची गरजही नाही. आपणांस हवी आहे ती ‘लीलावती’तील मांडणी.

त्रैराशिकाचे सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी; प्रमाण व इच्छा एकाच जातीच्या, म्हणून त्या आरंभी व शेवटी मांडावयाच्या, फल भिन्न जातीचे, ते मध्ये; फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की इच्छाफल मिळते. या सूत्रात एकही आकडा नाही. प्रमाण हे कशाचेही असू शकते, रुपयांचे, धान्याचे, दिवसांचे. मागाहून उदाहरण येते : तीन सप्तमांश निष्कास अडीच पल केशर मिळते, तर नऊ निष्कांस किती? यानंतर ग्रंथात ‘न्यास’ असा शब्द येतो आणि त्यापुढे राशी आपापल्या जागी मांडलेल्या असतात : तीन सप्तमांश, अडीच, नऊ. उत्तर साडेबावन्न पल.

न्यास या शब्दाकडे आमचे विशेष लक्ष आहे. सूत्र म्हणजे नियम, उदाहरण म्हणजे व्यवहारातील प्रसंग. या दोहोंमधील जो व्यापार, म्हणजे प्रसंगातील अमुक संख्या नियमातील अमुक जागी ठेवण्याची क्रिया, तिला आपल्या गणितपरंपरेने स्वतंत्र नाव दिले आणि ग्रंथात स्वतंत्र ओळ दिली. ही प्रथा भास्कराचार्यांहून पुष्कळ जुनी आहे. आर्यभटीयावर इ. स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्करानेही उद्देशक, मग मांडणी, मग करण असाच क्रम ठेविला आहे. आजच्या विद्यार्थ्याने फंक्शनच्या व्याख्येस सूत्र, त्यातील नावांस प्रमाण-फल-इच्छेसारख्या जागा आणि फंक्शन वापरतानाच्या कंसास न्यास समजावे. असे केल्यास त्याच्या पहिल्या अडचणीचा निम्मा भाग तरी दूर होईल. ‘नऊ’ हे ‘इच्छा’ या नावाचे दुसरे नाव नव्हे. इच्छा ही जागा आहे आणि नऊ निष्क या खेपेस तेथे येऊन बसले आहेत. पुढच्या उदाहरणात तेथे दुसरे कोणी बसेल.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. ‘बीजगणिता’त अव्यक्त राशींस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिलेली आढळतात. उत्साही लेखक त्यांसही प्राचल म्हणू लागतात. ते बरोबर नाही. अव्यक्त म्हणजे जे शोधावयाचे आहे ते. प्राचल म्हणजे जे बाहेरून पुरविले जावयाचे आहे ते. कालकाची किंमत गणिताच्या शेवटी कळते, इच्छेची किंमत गणित सुरू होण्यापूर्वीच हाती असावी लागते. तसेच, आजची आज्ञावलीची पद्धत आपल्या प्राचीन ग्रंथांत होती असा निष्कर्षही यातून काढता येत नाही. त्रैराशिकाचा नियम हा शिष्याने पाठ करून हातांनी चालवावयाचा होता. तो नियम हीच एक वस्तू मानून दुसऱ्या नियमाच्या हाती देता येईल, ही कल्पना तेथे नाही. तिच्यासाठी विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

त्या वाटेवरचा पहिला टप्पा जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे याचा. १८९१ मधील व्याख्यानात त्याने फलन हे स्वभावतः अपूर्ण असते, त्यात रिकामी जागा असते आणि ती भरली म्हणजेच मूल्य सिद्ध होते, असे प्रतिपादन केले. अलोन्झो चर्च याने १९३० नंतरच्या दशकात लॅम्डा कलनाच्या रूपाने याच रिकाम्या जागेचे काटेकोर व्याकरण रचिले. त्यात फलन स्वतःच दुसऱ्या फलनास पुरविता येते. त्यातील एक नियम विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे : जागेचे नाव सर्वत्र सारखेच बदलले, आणि ते नियमातील दुसऱ्या कोणत्या नावाशी आदळले नाही, तर नियम बदलत नाही. त्रैराशिकात ‘इच्छा’ऐवजी ‘मागणी’ म्हटले तरी साडेबावन्न पलच येतील. म्हणूनच व्याख्येतील नावाचा आणि वापराच्या ठिकाणच्या नावाचा मेळ असण्याचे कारण नाही. असला तर तो योगायोग होय.

पॅरामीटर हा शब्द मात्र यंत्राकडून आला नाही. तो सतराव्या शतकापासून शांकवांच्या भूमितीत रूढ होता. एका वक्रापुरती स्थिर, परंतु एका वक्राकडून दुसऱ्याकडे जाताना बदलणारी राशी असा त्याचा अर्थ. मराठी परिभाषेने त्यास प्राचल म्हटले. केंब्रिजमध्ये ६ मे १९४९ रोजी एडसॅक या यंत्राने पहिली आज्ञावली चालविली. त्यानंतर मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये आज्ञावलीलेखनाचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हा शब्द उपआज्ञावलीच्या संदर्भात आला. वर्गमूळ काढणे, घातांक काढणे यांसारख्या कामांच्या आज्ञा एकदाच लिहून त्यांच्या कागदी पट्ट्यांचा संग्रह करावा, आणि प्रत्येकाने त्यातून हवी ती पट्टी उचलावी, अशी ही योजना होती. यंत्राने मूळ आज्ञावलीतून उडी मारून उपआज्ञावलीत जावे आणि काम उरकून बरोबर त्याच जागी परतावे, ही युक्ती व्हीलरची. तिला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. उपआज्ञावलीस लागणारी माहिती उडीच्या आज्ञेलगतच्या घरांत ठेवीत आणि ती तेथून उचलून घेई. येथे नावे नव्हती, केवळ क्रम होता. पहिले घर कशाचे व दुसरे कशाचे हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावयाचे. त्रैराशिकातील आदि, मध्य, अंत यांचीच ही तऱ्हा.

त्या पुस्तकात प्राचलांचे दोन प्रकार केलेले आढळतात. काही प्राचले पट्टी यंत्रात वाचली जात असतानाच एकदा कायम होत. काही प्रत्येक खेपेस नव्याने पुरविली जात. हा भेद त्या वेळी यंत्राच्या सोयीसाठी केला गेला. वस्तुकेंद्री पद्धतीत त्याचे महत्त्व फार वाढले, त्याकडे आपण पुढे येऊच.

यानंतरचा प्रश्न अधिक खोल आहे : जागेत नेमके काय ठेवावयाचे? तो स्पष्ट होण्यासाठी बीड जिल्ह्याच्या जीवनातील एक हिशेब घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. पती-पत्नीच्या जोडीस एक कोयता म्हणतात, एकट्या माणसास अर्धा. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. फडात तोडलेल्या उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते. टनांस दराने गुणून मजुरी निघते आणि ती उचलीतून वळती होते. उदाहरणापुरते मानू की एका कोयत्याची उचल १,००,००० रुपये, तोडलेला ऊस २०० टन आणि दर टनास ४०० रुपये आहे. मजुरी ८०,००० रुपये झाली. उरलेले २०,००० रुपये पुढील हंगामाच्या माथी बसले.

हा हिशेब मांडणाऱ्या फंक्शनास ‘मजुरी’ म्हणू. त्यास टन आणि दर ही दोन प्राचले. आता विचारावयाचे ते हे, की दर म्हणून ४०० हा आकडा द्यावयाचा, की ‘करार होईल तो दर’ हे शब्द द्यावयाचे? हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. २०२३-२४ चा हंगाम चालू असताना, जानेवारी २०२४ मध्ये, तोडणीच्या मजुरीदरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. हंगामाच्या आरंभी ज्याने दराचा आकडा कागदावर उतरवून घेतला असेल त्याचा कागद जुनाच राहिला. ज्याने ‘करार होईल तो दर’ असे लिहिले त्याचा कागद दर वेळी वाचताना नव्याने अर्थ देतो. जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या बैठकीतून निघालेल्या आणि पीटर नाऊर याने संपादिलेल्या अल्गोल ६० भाषेच्या वृत्तांताने हा भेद प्रथमच व्यवस्थित शब्दांत मांडला. व्याख्येतील जागेस त्याने औपचारिक प्राचल म्हटले, तिच्यात येणाऱ्यास प्रत्यक्ष प्राचल म्हटले. जेथे किंमत आधी काढून ती जागेत ठेविली जाते ते मूल्याने आवाहन; जेथे मूळ पदावलीच जागेत बसते आणि जेव्हा जेव्हा गरज पडेल तेव्हा तिची किंमत काढली जाते ते नावाने आवाहन. डेन्मार्कच्या योर्न येन्सन याने दुसऱ्या प्रकाराचा उपयोग करून एकाच छोट्या उपआज्ञावलीकडून कोणत्याही श्रेणीची बेरीज करवून दाखविली. युक्ती चतुर खरी, परंतु वाचणाऱ्याची फसगत करणारी. पुढील बहुतेक प्रमुख भाषांनी नावाचे आवाहन टाकून दिले, आणि त्यात त्यांनी काही गमावले असे आम्हांस वाटत नाही.

तिसराही एक मार्ग होता व तो अल्गोलपूर्वीचा. १९५८ च्या फोरट्रान-२ मध्ये उपआज्ञावलीच्या हाती किंमत न देता ती किंमत स्मृतीत जेथे ठेविली आहे तेथील पत्ता दिला जाई. याचा परिणाम मुकादमाच्या वहीवरून समजेल. वहीच्या पानाची नक्कल करून दिली, तर तिच्यावर कोणी काहीही खरडले तरी मूळ वही निर्धास्त राहते. मूळ वहीच हाती दिली, तर तिच्यात केलेली प्रत्येक खाडाखोड कोयत्याच्या डोक्यावर येते. ज्याची उचल त्या पानावर आहे त्याच्या दृष्टीने नक्कल आणि मूळ यांतील अंतर तात्त्विक नसते. जुन्या फोरट्रानमध्ये तर कित्येकदा असे घडे की उपआज्ञावलीने आपल्या प्राचलात नवी किंमत भरली आणि आज्ञावलीत स्थिरांक म्हणून लिहिलेला आकडाच त्यामुळे बदलून गेला. पुढे जेथे जेथे तो आकडा वापरला तेथे तेथे चुकीचे उत्तर.

आज महाविद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या जावा भाषेविषयी (१९९५) येथेच सर्वाधिक गैरसमज होतात. जावा वस्तूचा पत्ता देते म्हणून ती मूळ वही देते, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. नेमके असे आहे : जावा सर्वत्र मूल्यानेच आवाहन करते, परंतु वस्तूच्या बाबतीत ते मूल्य म्हणजे वही कोठे ठेविली आहे त्या पत्त्याची चिठ्ठी असते, आणि त्या चिठ्ठीची नक्कल दिली जाते. चिठ्ठीवरून वहीपर्यंत जाऊन कोणी तेथे लिहिले, तर मूळ वही बदलेल. मात्र त्याने आपल्या चिठ्ठीवरील पत्ता खोडून दुसऱ्या वहीचा पत्ता लिहिला, तर पहिल्याच्या हातातील चिठ्ठी आहे तशीच राहील. एवढे एक वाक्य नीट समजले तर पुष्कळ गुण वाचतील.

वर ‘मजुरी’ला दोनच प्राचले दिली, कारण तेथे उचलीचा विचार केला नव्हता. संपूर्ण हिशेबास उचलही लागते. ती प्रत्येक खेपेस बाहेरून पुरवावी काय? काट्याची प्रत्येक पावती आली की मुकादमाने ‘टन इतके, दर इतका, उचल इतकी’ असे सांगावयाचे, आणि उचलीचा आकडा त्याने सांगावा तोच खरा धरावयाचा! ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत जो मार्ग काढला त्याचे मर्म येथे आहे. त्यांनी वर्ग ही कल्पना मांडली. वर्गासही प्राचले असतात, पण वस्तू निर्माण होताना ती एकदाच पुरविली जातात आणि मग त्या वस्तूचे गुणधर्म होऊन तिच्याजवळच राहतात. ‘कोयता’ हा वर्ग केला, तर उचल ही त्याच्या निर्मितीच्या वेळी द्यावयाची. टन व दर ही मात्र प्रत्येक हिशेबाच्या वेळी. एडसॅकच्या पट्ट्यांवर केलेला कायमच्या व खेपेच्या प्राचलांचा भेद येथे निराळ्या रूपाने पुन्हा भेटतो. पूर्वी कायमचे प्राचल उपआज्ञावलीच्या पट्टीस चिकटत असे. आता ते प्रत्येक कोयत्यास स्वतंत्रपणे चिकटते. एका टोळीत दहा कोयते असतील तर नियम एक, उचली दहा. बाकी काढण्याचा अधिकारही कोयत्याच्याच नियमाकडे राहतो. बाहेरच्याने आकडा सांगण्याचा प्रश्न उरत नाही.

परंतु यातून नवा प्रश्न निघतो. हिशेबाचा नियम दहा कोयत्यांस समाईक असेल, तर तो चालताना कोणाची उचल पाहावयाची? उत्तर असे की ज्या वस्तूस उद्देशून आवाहन केले ती वस्तू स्वतःच एक प्राचल म्हणून नियमाच्या हाती जाते. ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप याने बेल प्रयोगशाळेत १९७९ पासून जी भाषा रचिली आणि १९८३ मध्ये जिला सी++ हे नाव मिळाले, तिचा आरंभीचा अनुवादक हेच करीत असे. वस्तूच्या नियमास तो साध्या सी भाषेतील फंक्शनात बदली आणि त्यास वस्तूच्या पत्त्याचे एक जादा प्राचल जोडी. लिहिणाऱ्यास ते दिसत नसे, यंत्रास दिसे.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अ‍ॅलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून घडविलेल्या स्मॉलटॉक भाषेत हाच व्यवहार संदेशाच्या रूपाने येतो. प्रथम वस्तूचे नाव, मग तिला सांगावयाचे काम. आणि कामाच्या नावाचेच तुकडे प्राचलांच्या आधी लावलेले, जेणेकरून कोणते प्राचल कशासाठी हे वाचतानाच कळावे. मराठी भाषकास ही पद्धत परकी वाटू नये. ‘शिक्षकाने विद्यार्थ्याला पुस्तक दिले’ हे वाक्य ‘विद्यार्थ्याला पुस्तक शिक्षकाने दिले’ असे फिरविले तरी देणारा व घेणारा बदलत नाहीत, कारण प्रत्येक शब्द आपले काम प्रत्ययातून सांगतो. पाणिनीच्या सहा कारकांची व्यवस्था क्रियेच्या प्राचलांचीच व्यवस्था होय असे म्हणता येईल, फक्त कारक आणि विभक्ती यांचे नाते सरळ एकास एक नाही, ही जाणीव ठेवली पाहिजे. त्रैराशिकातील जागा क्रमाने ओळखल्या जातात, वाक्यातील प्रत्ययाने. गीडो व्हान रॉसम याच्या पायथॉनमध्ये (१९९१) प्राचले दोन्ही रीतींनी देता येतात. त्याच भाषेच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही लिहिता येतात. अध्यापकांनी या सोयीचा उपयोग आजवर फारसा केलेला दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पायथॉनने आणखी एक गोष्ट केली. सी++ ने जे प्राचल झाकून ठेविले होते ते तिने व्याख्येत उघडे लिहावयास लावले. वस्तूच्या प्रत्येक नियमात पहिली जागा त्या वस्तूची स्वतःची, आणि रूढीने तिला ‘सेल्फ’ म्हणतात. वापरताना मात्र ती कंसात लिहावयाची नसते, कारण वस्तूचे नाव बिंदूच्या आधी आलेलेच असते. नवशिका विद्यार्थी कोयत्याच्या वर्गात ‘हिशेब’ची व्याख्या टन व दर अशा दोनच जागा ठेवून करतो, ‘सेल्फ’ विसरतो, आणि मग कोयत्यास उद्देशून २०० व ४०० हे दोनच आकडे देतो. यंत्र उत्तर देते की हा नियम दोन प्राचले घेतो, पण तीन दिली गेली आहेत. विद्यार्थी कंसातील आकडे पुन्हा पुन्हा मोजतो व ते दोनच भरतात. तिसरे प्राचल म्हणजे तो कोयता, आपल्या एक लाखाच्या उचलीसह.